सिलीपाटाचा पोळपाट

त्या दिवशी दुपारी आम्ही पोळ्या केल्या. तिनं लाटल्या, मी भाजल्या. विशेष काही नाही, रोजच करायचो. सुमन स्टुलावर बसून लाटायची, कारण गुडघे तिला उभं राहू देत नव्हते, आणि मी गॅसपाशी उभा राहून तव्याचं बघायचो. बोलणं काय झालं तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणाला वाटेल शेवटी ती काही मोठं बोलून गेली असेल. ती म्हणाली, "गॅस बारीक करा, करपवता." मी म्हणालो, "तू हात चालव, मग नाही करपत." भरली वांगी होती, तिळाची चटणी होती. जेवणं झाल्यावर कणकेचे दोन गोळे उरले होते ते तिनं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. "सकाळी चहासोबत होतील," म्हणाली. मग पोळपाट धुतला, पुसला, आणि टांगायला माझ्या हातात दिला. तो जड आहे, तिच्यानं तो खिळ्यापर्यंत उचलवत नसे. मी टांगला. ती आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर उठली नाही.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता ह्यात आणखी लिहिण्यासारखं काही नाही. माणसं मरतात, तीही मेली. रात्री भांडी वाजली की मी अजून हाक मारतो, तेवढं सोडलं तर माझं बरं चाललंय. मुलगा म्हणतो, बाबा, जुनं काहीतरी लिहा, मन रमेल. मी चौथी शिकलेला माणूस. पण त्या पोळपाटाचं कुणी लिहिलेलं नाही आणि मी गेल्यावर ते सांगणारा कुणी उरणार नाही. पाहुणा आला की विचारायचा, सुमनबाई, तुमच्या पोळ्या एवढ्या लहान कशा? ती म्हणायची, ह्यांना विचारा. म्हणून लिहितो.

आमचं घर विद्यानगरला, रुळाच्या अगदी कडेला होतं. घर म्हणजे गँगमनला मिळते ती एक खोली, पुढं पत्र्याची पडवी आणि मागं न्हाणी. अण्णा, म्हणजे माझे वडील, रुळाची निगा राखणाऱ्या गँगचे मुकादम. उदगीरकडचे, निजामाच्या वेळेला पोरवयात हैदराबादला आले आणि रुळाला लागले ते लागलेच. तेव्हा आमच्या दारातून लहान लाईन, म्हणजे मीटरगेज, जायची. मोठ्या लाईनीची गाडी आली तर जमीन हादरते, लहान लाईनीची आली की नुसती भांडी बोलतात. फळीवरची पितळी ताटं आधी बारीक किणकिणायची, मग पेले सुरू व्हायचे, आणि मग शिट्टी. आई जिवंत होती तेव्हा ती पेल्यांच्या आवाजावर चहा टाकायची, म्हणजे अण्णा लाईनीवरून येईपर्यंत उकळी आलेली असे. युनिव्हर्सिटीची पोरं रूळ ओलांडून जायची, अण्णा त्यांना उर्दूत शिव्या द्यायचे. घरात मराठी, गँगमध्ये तेलुगू, आणि राग आला की दखनी, असं अण्णांचं होतं. माझंही तेच झालं.

आमच्या घरात लाकडाची म्हणून जी वस्तू होती ती सिलीपाटाची होती. सिलीपाट म्हणजे रुळाखालचं आडवं लाकूड, शिकलेले लोक स्लीपर म्हणतात. जुना झाला की तो काढून टाकायचे आणि गँगवाले घरी आणायचे. आमचा उंबरा सिलीपाटाचा, पडवीचे खांब सिलीपाटाचे, अण्णांची खाट सिलीपाटाच्या दोन ओंडक्यांवर टेकलेली. उरलेले तुकडे न्हाणीतल्या बंबात जायचे. त्या धुराला डांबराचा वास असायचा. आता कुठं रस्त्यावर डांबर घालत असले तर मी थांबतो. लोकांना नाक दाबावंसं वाटतं, मला आंघोळीचं पाणी तापल्यासारखं वाटतं.

आई गेली तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो. मी आणि अण्णा दोघंच उरलो. अण्णा भाकरी करायचे, ती बाहेरून काळी आणि आतून कच्ची. मी पुढं गँगमध्येच बदलीवर जाऊ लागलो. कायम नोकरी काही लागत नव्हती. असं चाललेलं असताना यादगिरी बातमी घेऊन आला. यादगिरी माझ्याच वयाचा, शेजारच्या खोलीतला, बडबड्या. नारायणगुड्याला एका कंपनीनं हापीस उघडलं होतं आणि मलेशियाला न्यायला माणसं बघत होते. त्या देशाची सगळी रेल्वे नव्यानं बांधायची होती. जुने लाकडी सिलीपाट काढून सिमेंटचे टाकायचे, रूळ बदलायचे, वळणं सरळ करायची, पूल मजबूत करायचे, पुढं जमलं तर एकाच्या दोन लाईनी करायच्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो अख्खा देश लहान लाईनीवर चालत होता. आमच्याकडं लहान लाईन उखडून मोठी करायचं बोलणं सुरू झालेलं, आणि तिकडं लहान लाईन जाणणारी माणसं हवी होती. "अपनीच लाइन है यारो," यादगिरी म्हणाला, "बस पानी बहुत गिरता बोले."

अण्णांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "जा. पण आधी लगीन कर. मला भाकरी कोण घालणार?"

हे त्यांनी घरात म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांनी ते मुलगी बघायला गेलो तिथं, तिच्या वडिलांसमोर म्हटलं. सगळे हसले. सुमन दाराआड उभी होती, ती हसली नाही. लग्न झालं, विद्यानगरच्या खोलीत ती आली, आणि पहिल्या दिवशी आमच्यात जे पहिलं बोलणं झालं ते असं. ती म्हणाली, "म्हणजे मला भाकरीला आणलंय." मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय. तिच्या हाताची हळद उतरायच्या आत मी विमानात बसलो.

मलेशियाचं काय सांगू. लोक विचारतात तेव्हा त्यांना उंच इमारती ऐकायच्या असतात. मी त्या परत येताना पाहिल्या. आम्ही होतो ते रान होतं, देशाच्या मधोमध, आणि त्यातून एकच लाईन जात होती. रोज दुपारनंतर पाऊस. बुटात जळवा. रात्रभर बेडूक ओरडायचे, ते थांबले की उलट जाग यायची. गाडी दिवसातून थोड्याच वेळा यायची, तिच्यात माणसं, कोंबड्या, शाळेची पोरं, भाजीच्या टोपल्या. तिथं रस्ते नव्हते, गाडी हाच रस्ता. एखादी म्हातारी रुळाकडेला छत्री घेऊन उभी राहिली की ड्रायव्हर थांबवायचा. म्हणून काम करायला दोन गाड्यांच्या मधली वेळ मिळायची, तेवढ्यात जुने सिलीपाट उपसायचे, खडी मोकळी करायची, नवे सरकवायचे, रूळ आवळायचे, आणि गाडी यायच्या आत बाजूला. मी सब्बल, म्हणजे पहार, धरली की अण्णांसारखीच आरोळी द्यायचो. मलय पोरं ती आरोळी शिकली. अर्थ ठाऊक नसताना मराठीत ओरडायची, "हाण रं पठ्ठ्या."

खायचे हाल होते. आचारी केरळचा, तिन्ही वेळा भात. पोळीची इतकी आठवण यायची की यादगिरीनं एका रविवारी गव्हाचं पीठ पैदा केलं. तो खरा भात खाणारा, पण म्हणाला, तुझं तोंड बघवत नाही. स्टीलचं ताट उपडं घालून त्यावर बाटलीनं तो लाटायला लागला आणि मी भाजायला बसलो. आणि मला कळलं की मला हे येतं. पोळी कधी उलटायची, कुठं दाबायची, म्हणजे फुगते, हे कुणी शिकवलं नव्हतं. मग दर रविवारी आमच्या पत्र्याखाली रांग लागायची. ताट मात्र सारखं सरकायचं, यादगिरी त्याला तेलुगूत आईबहिणीवरून बोलायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं, एक चांगला पोळपाट पाहिजे.

लाईनीकडेला जुन्या क्वार्टरमध्ये एक म्हातारा राहायचा, अप्पन्ना. आम्ही तात म्हणायचो, तेलुगूत आजोबांना म्हणतात तसं. आमचं तेलुगू ऐकून तो काठी टेकत आला. त्याचे वडील विशाखापट्टणमकडून ही लाईन टाकायला आलेले. तात तिथंच जन्मला, तिथंच रुळावर राबला. त्याचं तेलुगू इतकं जुनं होतं की यादगिरीलाही थांबून विचारावं लागे. त्यानं मला सांगितलं, लढाईच्या वेळी जपानी आले आणि त्यांनी ही अख्खी लाईन उखडून रूळ सयामला नेले, तिथून ब्रह्मदेशाला दुसरी लाईन टाकायला. रुळांबरोबर टाकणारी माणसंही नेली. त्याचे वडील त्यात गेले, ते परत आले नाहीत. लढाई संपल्यावर नवे रूळ आले आणि तातनं, तो तेव्हा जवान, त्याच जागी पुन्हा लाईन टाकली. "हे सगळे मी घातलेत," उपसलेल्या सिलीपाटांच्या ढिगाकडं काठी करून तो म्हणाला. चांगले टणक होते अजून. तिथलं ते लाकूड असंच, करवतीचे दात जातात पण ते जात नाही. सिमेंट आलं म्हणून काढायचे, एवढंच.

एके दिवशी त्यानं मला विचारलं, "बायको आहे?" मी म्हटलं, आहे. "किती दिवस राहिलास तिच्याजवळ?" मी सांगितलं. तो इतका हसला की खोकला लागला. "आणि दुसऱ्यांच्या लायनी जोडतोस," म्हणाला. मग ढिगातला एक सिलीपाट त्यानं काठीनं वाजवून वाजवून निवडला. "हा ने. बागेच्या पायऱ्या करायला विकणार आहेत हे लोक. एखादा तरी कुणाच्या घरात राहू दे."

मी तो पोळपाटापुरता कापून घेतला. वरचा खराब थर पूर्ण रंधून काढला, आतून लाकूड गुळासारखं लाल निघालं. सिलीपाटाची रुंदी तेवढीच, त्यामुळं गोल जरा लहान बसला. कडेला रुळाच्या खिळ्याचं एक भोक राहिलं, त्यात मी लाकडाची मेख ठोकली. त्याच लाकडाचे तीन पाय केले. रोज काम संपल्यावर घासत बसायचो. यादगिरी त्याच्या बायकोसाठी टेपरेकॉर्डर आणि चमचमती साडी घेऊन बांधून बसला होता. मला वाटत होतं, साडी काय, कुणीही आणतं.

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली. महिन्याभराची. कंपनीनं सांगून ठेवलं होतं, पुढचं काम मोठं आहे, मेन लाईनीवर दोन रूळमार्ग, पुढंमागं विजेच्या तारा, तीन वर्षांसाठी यायचं असेल तर सुट्टी संपायच्या आत नारायणगुड्याला येऊन सांगा. मी मनात म्हटलं, घर बघून ठरवू.

घर बघितलं. घरात माझी गरज कुणालाच नव्हती. अण्णांच्या अंगावर मांस आलं होतं. सुमन त्यांना "मामा" म्हणायची, ते तिला "सुमनबाई" म्हणायचे, दोघांचं भाजीवरून, पाण्यावरून, शेजाऱ्यांवरून दिवसभर बोलणं चालायचं. ती रोज लाईनीवर त्यांचा डबा घेऊन जायची. आणि माझ्याशी? "पाणी तापलंय." "जेवा." "अंथरूण घातलंय." खानावळीत बोलतात तसं. मी काही विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून काही नाही. मला दुसऱ्याच दिवशी रानातले बेडूक आठवायला लागले. यादगिरीच्या खोलीतून टेपरेकॉर्डरवर गाणी आणि त्याच्या बायकोचं हसणं ऐकू येत होतं. मी ठरवलं, आता पोळपाट काढू.

संध्याकाळी अण्णा पडवीत बसलेले असताना मी पोत्यातून तो काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"काय आहे?" ती म्हणाली.

"पोळपाट. मी केलाय. तुझ्यासाठी."

तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दोन वर्षं भाकरी थापली," ती म्हणाली. "आता पोळ्या लाटू."

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी कळवळून काही बोलणार तेवढ्यात अण्णांनी तो हातात घेतला. वजन बघितलं. नाकाला लावला. उलटा केला, आणि त्यांचं बोट बरोबर त्या मेखेवर गेलं. आयुष्यभर खिळे ठोकलेला माणूस तो.

"हे सिलीपाट हाय," अण्णा म्हणाले.

मला आनंद झाला. म्हटलं, बापानं ओळखलं. "हो अण्णा, तिथल्या लाईनीचा. एका म्हाताऱ्यानं—"

"हौला झालास का तू?" अण्णांनी पोळपाट खाली आपटला. "गाडीचे संडास कुठं मोकळे होतेत, ठावं हाय का न्हाई तुला? जनम लायनीवर गेला तुझा. आन् त्याच्यावर हिनं पोळी लाटायची? त्या पोळीला मी शिवणार न्हाई."

"वरचा थर काढलाय, अण्णा."

"आत मुरतंय ते."

शेजारचं गाणं बंद झालं होतं. यादगिरी कान लावून होता, नक्की. मला इतकी लाज वाटली, आणि लाजेचा इतका राग आला, की पोळपाट उचलून मी न्हाणीत गेलो. बंब पेटलेलाच होता. मनात म्हटलं, जळू दे, आणि उद्या नारायणगुड्याला जाऊन नाव देतो, तीन वर्षं काय, सहा वर्षं पाठवा.

मागून सुमनचा हात आला आणि तिनं पोळपाटाची कड धरली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं मला आपणहून अडवलं होतं.

"कुणाचा आहे हा?" ती म्हणाली.

"कुणाचा नाही."

"माझ्यासाठी आणला म्हणालात ना? मग माझी वस्तू जाळणारे तुम्ही कोण?"

तो तिनं माझ्या हातातून ओढून घेतला, जड लागला तशी पोटाशी धरला, आणि पडवीत अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "मामा, तुमची खाट कशावर आहे?"

अण्णा रुळाकडं बघायला लागले.

"उंबरा कशाचा आहे? दिवाळीला मी रांगोळी काढते त्याच्यावर. आणि दुपारी डबा घेऊन येते तेव्हा तुम्ही कुठं बसलेले असता?"

"बसायचं येगळं असतंय, सुमनबाई."

"बसायचं वेगळं. पण भाकरी फडक्यासकट सिलीपाटावर ठेवता, कांदा त्याच्यावरच बुक्कीनं फोडता. मी बघितलंय. तो कांदा गोड लागतो, आणि माझी पोळी तेवढी बाटते?"

भिंतीपलीकडं यादगिरी फस्सकन हसला. अण्णांनी भिंतीकडं बघून एक शिवी दिली. मग टोपी नीट केली, उगाच खाकरले, आणि म्हणाले, "चांगलं उकळून घ्या म्हणावं मग." हे त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं, तिच्याकडं बघायची सोय राहिली नव्हती.

तिनं तो उकळला. चिंच, राख, मीठ लावून घासला, पडवीच्या पत्र्यावर उन्हात घातला, पुन्हा घासला. मीही घासला. आम्ही दोघं न्हाणीच्या दगडावर बसून एकाच पोळपाटाला दोन बाजूंनी नारळाची शेंडी लावतोय, हे बघायला यादगिरीची बायको मुद्दाम पाणी मागायला आली. सुमननं भोकातली मेख काढून टाकली. "ही कशाला? भोकामुळं टांगता येईल." मला तेवढंही सुचलं नव्हतं. तेव्हाच ती म्हणाली, "पण एक सांगते. दोन वर्षं मी एकटीनं केलं. आता एकटी करणार नाही."

"मी भाजतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"मला येतं."

"बघू."

ज्या दिवशी पहिल्यांदा त्यावर पोळ्या झाल्या तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. चूल जमिनीवर, ती एका बाजूला पोळपाट घेऊन, मी दुसऱ्या बाजूला चिमटा घेऊन. अण्णांनी पुढचं दार लोटून घेतलं, मुलगा चुलीपुढं बसलेला गँगला दिसायला नको म्हणून. पहिली पोळी तव्यावर पडली, मी उलटली, कडेनं दाबली, ती टम्म फुगली. सुमनचं लाटणं थांबलं. "कुठं शिकलात?" तिनं विचारलं. मग मी सांगायला लागलो. यादगिरी, उपडं ताट, छत्रीवाली म्हातारी, जळवा, मराठीत ओरडणारी मलय पोरं. ती लाटत होती, हसत होती, मधेच कणीक तिंबायचा हात तसाच ठेवून ऐकत होती. तातचं सांगितलं, सयामला नेलेल्या रुळांचं सांगितलं, त्याच्या वडिलांचं सांगितलं.

"त्यांना नेलं तेव्हा घरी कोण होतं?" तिनं विचारलं.

"तातची आई असणार."

"तिनं पुढं काय केलं?"

"ठाऊक नाही. मी विचारलं नाही."

"रुळांचं सगळं विचारलंत," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. पण माझ्या हातातला चिमटा जरा वेळ तसाच राहिला, आणि तेवढ्यात पोळी करपली.

अण्णांना पहिलं ताट वाढलं. त्यांनी पोळी बोटांनी फिरवून बघितली. "ल्हान हाय," म्हणाले.

"पाटच लहान आहे, मामा. त्या देशाची लाईनच लहान."

"मग दोन जास्त वाढा," अण्णा म्हणाले. आणि जेवले.

अण्णा हात धुवायला गेले तेव्हा तव्याखालची लाकडं बाहेर ओढत मी तिला विचारलं, "मी परत जाऊ का?" ती म्हणाली, "ते मी कशाला सांगू? उद्यापासून भाजायला कोण बसणार, तेवढं आधी कळवा, म्हणजे कणीक त्या हिशोबानं भिजवते." मी नारायणगुड्याला गेलो आणि येत नाही म्हणून सांगितलं. तिथला बाबू म्हणाला, वेडा आहेस, असं काम पुन्हा मिळायचं नाही. खरंच मिळालं नाही. यादगिरी गेला आणि पुष्कळ वर्षं तिकडंच राहिला. मी इथं ठेकेदाराकडं लागलो, आमचीच लहान लाईन उखडून मोठी करायच्या कामावर. आमच्या दारातले रूळसुद्धा मीच काढले. पुढं त्या लाईनीवरून मोठी गाडी पहिल्यांदा गेली, तेव्हा फळीवरची भांडी नुसती किणकिणली नाहीत, दोन पेले खाली पडले.

मागच्या वर्षी आमच्या विजयनं मोबाईलवर दाखवलं, मलेशियात आता दोन दोन लाईनींवर विजेच्या गाड्या धावतात, समुद्राकडून आणखी एक नवी लाईन येतेय, स्टेशनं काचेची आहेत. सुमन चष्मा लावून बघत होती. "ह्यात तुमचं कुठलं?" मी म्हटलं, "खालचं. ते दिसत नाही." विजय म्हणाला, चला, तुम्हा दोघांना दाखवून आणतो. ती म्हणाली, "तिथला एक तुकडा रोज बघते मी. बास झालं." मला जायचं होतं थोडं, खोटं कशाला बोलू. पण तिचे गुडघे होते, राहिलं. लाटणी मात्र ह्या पोळपाटानं चारपाच खाल्ली. लाटणं झिजायचं, मधे बारीक व्हायचं, की नवं आणायचं. पोळपाटाला साधा खड्डा पडलेला नाही.

तर ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. विजय आणि सूनबाई अनघा रात्री इथंच राहिले होते. अनघा पुण्याची, पोरगी चांगली आहे. शेजारच्या लक्ष्मम्मा उपमा आणि चहाचा थर्मास ठेवून गेल्या, ह्या घरात आज चूल पेटायची नाही म्हणून. अनघानं दूध ठेवायला फ्रिज उघडला, आणि डबा हातात घेऊन उभी राहिली. "बाबा, ही कणीक काळी पडलीय. टाकून देऊ?"

"दे इकडं," मी म्हणालो.

मी पोळपाट काढला. विजय दारात आला. "बाबा, आज गॅस पेटवत नाहीत."

"कोण पेटवत नाहीत?"

"सगळेच. लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठं वाढतोय मी? दोनच आहेत."

लाटायची मला सवय नाही. इतक्या वर्षांत कधी वेळच आली नाही. पहिली लाटली ती एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. तव्यावर टाकली, दुसरी लाटायला वळलो, आणि वास आला. करपली. दोन कामं एकट्यानं होत नाहीत. एकटी करणार नाही, असं ती पोळपाट घासताना म्हणाली होती, ते उगाच नाही. मी गॅस बारीक केला. दुसरी आधी पूर्ण लाटून घेतली, मग तव्याशी उभा राहिलो, उलटली, कडेनं दाबली. फुगली. विजय खुर्ची ओढून बसला, तेव्हा ती त्याला दिली. अनघानं त्यातली अर्धी घेतली. काळी मी खाल्ली, चहात बुडवून.

मग पोळपाट धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला, आणि खिळ्याला टांगला. ते काम पहिल्यापासून माझंच आहे.